आभाळाची साथसंगत

माघातल्या शिवरात्रीला रात्री आठ-नऊच्या सुमारास शेंडी गावाजवळ भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठावर जावं आणि दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं. डोंगररांगेच्या वर एक टपोरा तारा एकटाच दिसतो. तो अगस्ती. व्याध सोडला तर रात्रीच्या आकाशात याच्याहून तेजस्वी तारा नाही. मग जागच्या जागी पाठमोरं व्हावं. कळसूबाईच्या अंगाला, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर, बेताच्या तेजाचा ध्रुव असतो. भंडारदरा साडेएकोणीस उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर. आणि अगस्ती आपल्या सगळ्यात उंच जागी येतो तेव्हा अठरा अंशांच्या जवळपास. एक उत्तरेला जागचा हलत नाही, दुसरा दक्षिणेला थोडा वेळ वर येऊन पुन्हा मावळतो. दोघांच्या मधोमध आपण.

खाली अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचं स्थान आहे. त्यांच्या तपाने ही नदी इथे उतरली असं लोक सांगतात. वर रतनवाडीला, अमृतेश्वराच्या देवळापाशी, दुसरी कथा मिळते. अमृत चोरून प्यायलेल्या राहूचा गळा रतनगडावर कापला गेला, कंठातलं अमृत वाहू लागलं आणि तीच प्रवरा झाली, म्हणून ती अमृतवाहिनी. सूर्य-चंद्रांना ग्रहण लावणारा राहू इथे नदीच्या उगमाशी बसवलेला आहे. या खोऱ्यात वरचं आणि खालचं असं वेगळं काढता येत नाही. आकाशात जे आहे त्याचा पत्ता जमिनीवर सापडतो.

थंडीत आणि उन्हाळ्यात काठावर तंबू लागतात. मुंबई, पुणे, नाशिकची माणसं शनिवारी येतात, चूल पेटते, आणि अंधार पडला की कुणीतरी स्पीकर चालू करतं. मला त्याचा राग येत नाही. एवढ्या मोठ्या मुक्या पसाऱ्याखाली आडवं झाल्यावर काहीतरी वाजत असावं असं माणसाला वाटणारच. अशाच एका तंबूतल्या मुलीने मला विचारलं होतं, "काका, तारे बघताना काय ऐकायचं असतं?" प्रश्न मला फार खरा वाटला. तो मनात घेऊन मी बरंच फिरलो, वाचलं, ऐकलं, आणि शेवटी पोहोचलो ते मूकपटाच्या तंबूत. आभाळासारखाच अंधारात उजळणारा, हलणारा आणि आवाज नसलेला पडदा तिथे होता, आणि त्यापुढे बसून त्याला आवाज देणारी माणसंही तिथेच होती.

मूकपट कधी मुका नव्हता. पडद्यापुढे पेटी असायची, तबला असायचा, कुठे सारंगी. वाजवणाऱ्याची मान वर पडद्याकडे आणि हात खाली. घोडा दौडला की लय वाढवायची, आई रडली की स्वर खेचायचा. अमेरिकेत १९१३ साली झामेच्निक नावाच्या संगीतकाराच्या रचनांचं 'सॅम फॉक्स मूव्हिंग पिक्चर म्युझिक' हे पुस्तक निघालं. त्यात पाठलागाला एक तुकडा, चोरपावलांना एक, वादळाला एक. पियानोवाल्याने पडद्यावर काय आलंय ते बघायचं आणि योग्य पान उघडायचं. त्याच वर्षी, १९१३ साली, आपल्याकडे गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. चित्रपटांचे प्रकार समीक्षकांनी पुढे नावं देऊन ठरवले असतील, पण ते ओळखले पहिल्यांदा वाजवणाऱ्याने, असं माझं ठाम मत आहे. भय, भक्ती, शौर्य, हसू यांच्या चाली त्याच्या बोटांत आधीपासून होत्या. पडद्यावर आकृती दिसायच्या आत तबल्याचा ठेका प्रेक्षकाला सांगायचा की आता काय बघायचं आहे.

सिनेमाचं मूळही आकाश बघणाऱ्यांच्या घरातलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ज्यूल जान्सन हा फ्रेंच खगोलज्ञ आंध्रातल्या गुंटूरला येऊन राहिला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट त्याने तिथे तपासला. हेलियमच्या शोधाची गोष्ट त्या दिवसापासून सुरू होते. सहा वर्षांनी, १८७४ च्या डिसेंबरात, शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. शुक्राचा काठ सूर्याच्या काठाला नेमका कधी शिवतो तो क्षण डोळ्याला पकडता येत नाही. म्हणून जान्सनने एक यंत्र बनवलं. पिस्तुलाच्या फिरत्या नळकांड्याच्या धर्तीवर एक गोल तबकडी थोडी-थोडी फिरायची, आणि ७२ सेकंदांत तिच्यावर ४८ चित्रं उमटायची. हलणारी गोष्ट तुकड्यातुकड्यांनी टिपायची ही कल्पना कुणाला नाटक दाखवण्यासाठी सुचली नव्हती, ती एका ग्रहासाठी सुचली होती. पुढे १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी आपल्या नव्या कॅमेऱ्याने जी माणसं टिपली त्यांत हा म्हातारा जान्सनही होता.

२२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण तर महाराष्ट्रावरूनच गेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याहून प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन गेले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांनीच उभी केली होती. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचं पथकही त्याच जेऊरला उतरलं होतं. तेच ग्रहण बिहारमधल्या बक्सरला नेव्हिल मॅस्केलिन या इंग्रज जादूगाराने चलच्चित्र कॅमेऱ्याने टिपलं. परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीला गेली आणि पुन्हा मिळाली नाही. दोन वर्षांनी अमेरिकेत जाऊन त्याने पुन्हा ग्रहण टिपलं, आणि ती फिल्म आजही बघता येते.

इथे जादूगार हा शब्द सोडून पुढे जाववत नाही. त्याच १८९८ साली पॅरिसमध्ये खगोलज्ञाच्या स्वप्नात शिरून बसणारा चंद्र दाखवणारा आणि १९०२ साली चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा घुसवणारा जॉर्ज मेलिएस हा जादूगारच. आणि आमचे धुंडिराज गोविंद फाळकेही जादूचे प्रयोग करायचे. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. तिघांच्याही हाती कॅमेरा आला, आणि तिघांनीही त्याचा उपयोग वर बघण्यासाठी केला. मॅस्केलिनने ग्रहण टिपलं, मेलिएसने चंद्रावर स्वारी केली, फाळक्यांनी देव उतरवले. विज्ञानपट, कल्पनापट आणि पौराणिकपट हे तीन प्रकार मला सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, आणि त्यांचं माहेर म्हणजे रात्रीचं आकाश.

फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. भंडारदऱ्याहून सह्याद्रीच्या याच रांगेने उत्तरेकडे गेलं की त्र्यंबक येतं. काळोख दोन्हीकडचा एकच असणार. इथल्या विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. इकडे दगडावर दगड चढत होता त्याच वर्षांत तिकडे मराठी मूकपट जन्मून वयात येत होता. लंडनहून परतल्यावर फाळक्यांनी पहिल्यांदा राजा नाही, राणी नाही, वाटाण्याचं रोप टिपलं. कुंडीत दाणा पेरायचा, रोज कॅमेऱ्यातून एखादं चित्र घ्यायचं आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात दाखवायची. पैसे लावणाऱ्याला त्यांनी हे दाखवलं आणि पैसे मिळाले. आकाश बघणाऱ्याला ही चिकाटी ओळखीची वाटेल. तारा सरकताना कधी दिसत नाही. झाडाच्या शेंड्याला टेकलेला दिसला होता, तासाभराने बघावं तर दोन हात पलीकडे गेलेला असतो.

'राजा हरिश्चंद्र'ची बाहेरची दृश्यं वांगणीला घेतली. फाळके स्वतः मागून येणार होते. आधी पोहोचलेल्या मंडळींच्या ढाली, तलवारी, भाले बघून गावाला ते दरोडेखोर वाटले आणि फौजदाराने सगळ्यांना धरलं. फाळक्यांनी येऊन समजावलं तरी पटेना. शेवटी फिल्म न घालता कॅमेरा फिरवून त्यांनी एक प्रवेश करून दाखवला तेव्हा सुटका झाली. फौजदारापुढे झालेला तो प्रवेश कुठेच उमटला नाही याची मला आजही हळहळ वाटते. त्याच वांगणीला पुढे मुंबईच्या खगोल मंडळाने रात्र-रात्र जागून हजारो माणसांना तारे दाखवले. सिनेमावाल्यांना रान हवं होतं, ताऱ्यांच्या वेडाने येणाऱ्यांना अंधार हवा होता. दोघांनाही ते मुंबईपासून गाडीने जाता येईल अशा एकाच जागी मिळालं.

आणि आता भंडारदऱ्याची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. शिवरात्रीलाच रात्री अडीच-तीनच्या सुमारास पुन्हा त्याच काठावर यावं. अगस्ती केव्हाच मावळलेला असतो. बरोबर दक्षिणेला, क्षितिजालगत, चार ताऱ्यांचा छोटा क्रूस उभा असतो. तो त्रिशंकू. विश्वामित्राने सदेह स्वर्गात पाठवलेला, इंद्राने ढकललेला आणि अधांतरी अडकलेला राजा. शेंडीहून सरळ दक्षिणेची रेघ ओढली तर ती जाते हरिश्चंद्रगडावर. मध्ये डोंगर आहेत, गड इथून नजरेत भरत नाही, पण दिशा तीच. गडाच्या माथ्यावरच्या एका शिखराचं नाव तारामती, एकाचं रोहिदास. हरिश्चंद्र हा त्रिशंकूचा मुलगा. बाप आकाशात लटकलेला, त्याच्याखाली मुलगा, सून आणि नातू डोंगर होऊन उभे. बापाला वर पाठवणारा विश्वामित्रच मुलाचं सत्व बघायला पुढे येतो, आणि ती परीक्षा म्हणजे आपल्याकडचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. मराठी बोलपटाचा आरंभही तिथूनच झाला. १९३२ चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच.

फाळक्यांनी हा विषय का निवडला याची व्यवहारी कारणं आहेत. कथा सगळ्यांना पाठ, रविवर्म्याच्या छापील चित्रांमुळे देवांचे चेहरे घराघरांत पोहोचलेले, आणि मूक चित्राला फार समजावून सांगावं लागत नाही. मला त्यात आणखी एक दिसतं. या कथा आपल्याकडे नेहमी रात्री सांगितल्या गेल्या, उजेडाच्या छोट्या वर्तुळात आणि वाद्यांच्या संगतीने. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी चितारलेलं एकेक पान पुढे धरून वाद्यावर गात रामायण सांगायचे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचांवर रंगवलेली चित्रं मोठी करून पडद्यावर टाकली. त्याला ते 'शांबरिक खरोलिका' म्हणायचे. चित्रं बदलत असताना निवेदन चालायचं, गाणं चालायचं. फाळक्यांचा कॅमेरा यायच्या कितीतरी आधी पौराणिकपटाची सगळी तयारी झाली होती. पडदा होता, अंधार होता, देव होते, साथ होती. हलणं तेवढं बाकी होतं.

अकोले, इगतपुरी, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात तर हलणंही होतं. होळीनंतरच्या दिवसांत इथल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. मी तो जवळून बघितला आहे, आणि पडदा नसलेला सिनेमा म्हणजे काय हे मला तिथे कळलं. गावाच्या वाटेवर दोन्ही अंगांना माणसं बसलेली. मशालींशिवाय उजेड नाही. लांबच्या टोकाला अंधारातून आधी वाजंत्री ऐकू येतात, संबळ आणि पिपाणी, आणि मग मशालीच्या लाल उजेडात एक भलामोठा मुखवटा डोलत पुढे येतो. मुखवट्याला स्वतःचा हावभाव नाही. कागदाचा लगदा, रंग, डोळ्यांच्या जागी भोकं. पण मशाल हलते तशा त्याच्या चेहऱ्यावर सावल्या पळतात आणि तो रागावल्यासारखा, हसल्यासारखा दिसायला लागतो. सोंग दहा पावलं पुढे नाचतं, दोन पावलं मागे जातं. ते गेलं की दुसरं येतं. मी एका संबळवाल्याच्या पाठीशी बसलो होतो. त्याच्या उजव्या हातातल्या काठीचं टोक वाकडं होतं, डाव्या हातातली सरळ. मारुती आला तेव्हा हात उसळायला लागले, पिपाणी उंच गेली, पोरं उभी राहिली. राक्षसाचं सोंग आलं तेव्हा संबळ मंदावला, खालच्या आवाजात घुमला, आणि माझ्या शेजारची मुलगी आईच्या पदरात शिरली. तिने अजून सोंग बघितलंही नव्हतं. ते वळणाच्या पलीकडे होतं. तिला चालीने सांगितलं होतं कोण येतंय.

वर आकाश होतंच. मशाली पुढे गेल्या की मागे उरलेल्या काळोखात ते एकदम अंगावर यायचं.

सिनेमाचे पुढचे प्रकारही असेच चाली बदलत आले. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईत कुस्ती टिपली; रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा १९०१ साली बंदरावरचं त्यांचं स्वागत टिपलं. वार्तापट तिथून सुरू झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. ऐतिहासिकपटाला अंधार पाडावा लागला, कारण गड रात्रीच सर होतो. मग १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात देव नाही, राजा नाही, फक्त कर्ज आहे. मग बोलपट आला आणि 'अयोध्येचा राजा'त स्वतः हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, ज्यांची मोठी कीर्ती पेटीवादनाची. इतकी वर्षं पडद्यापुढे बसणारी पेटी मुकुट घालून पडद्यावर गेली, असं मला ते नेहमी वाटतं. संगीतही त्यांचंच.

आणि मग १९३६ चा 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलाल यांचा, विष्णुपंत पागनीसांचा, संगीत केशवराव भोळ्यांचं. शेवटी विमान येतं आणि तुकाराम आकाशात जातात. 'लंकादहन'मधल्या हनुमानाच्या उड्डाणापासून इथपर्यंत आपल्या सिनेमाला सारखं वर जायचं होतं. पुढच्याच वर्षी त्याच प्रभातने, त्याच भोळ्यांना घेऊन, 'कुंकू' केला. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ काढून टाकलं. घरातले, रस्त्यावरचे, घड्याळाचे आवाज तेवढे ठेवले. जरठ नवऱ्याच्या घरात अडकलेल्या मुलीची गोष्ट सांगायला वाद्यं नकोत, हे ज्याला कळलं त्या माणसाला संगीत किती खोल कळलं असेल! मला ही मराठी सिनेमातल्या मोठ्या निर्णयांपैकी एक गोष्ट वाटते. सामाजिकपट खऱ्या अर्थाने तेव्हा वयात आला.

'कुंकू'मुळेच मला तंबूतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. भंडारदऱ्याच्या रात्रीचे स्वतःचे आवाज आहेत. उन्हाळ्यात टिटवी ओरडते, झाडीतून रातवा एकसुरी ठोके देत राहतो. मृग लागायच्या आधी काजवे झाडं पेटवतात, त्यांचा आवाज नाही पण लय आहे, अख्खं झाड एका ठेक्यात मिटतं आणि उघडतं. शिवरात्रीला गावातल्या देवळातलं भजन पाण्यावरून येतं, टाळ आधी ऐकू येतात आणि शब्द विरघळून जातात. हे सगळं चालू असताना कानात काही घालू नये. आधी डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्यावा, तेवढाच वेळ कानांनाही द्यावा.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या रागांत आहे. रात्रीच्या प्रहरांशी गाणं बांधण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि प्रहर म्हणजे शेवटी पृथ्वीचं फिरणंच. तीन तासांच्या एका प्रहरात आकाश पंचेचाळीस अंश सरकतं. दिवेलागणीचा यमन पश्चिमेचा उजेड विझेपर्यंतचा. मृग माथ्यावर असेपर्यंत बिहाग, तो पश्चिमेला कलला की बागेश्री. सप्तर्षी कळसूबाईच्या वर चांगले चढले की मालकंस, आणि त्रिशंकू उभा राहतो त्या वेळेला दरबारी, तोही नुसत्या आलापीचा, तबल्याशिवाय. तबला आला की गोष्ट सुरू होते, आणि त्या घटकेला मला गोष्ट नको असते. पाश्चात्त्य संगीतातलं विचाराल तर होल्स्टचं 'द प्लॅनेट्स' आहेच. १९१८ साली लंडनमध्ये ते पहिल्यांदा वाजलं आणि पुढच्या किती अंतराळपटांनी त्याच्या मंगळाकडून उसनवारी केली त्याला गणती नाही. हा होल्स्ट संस्कृत शिकलेला होता. त्याने 'सावित्री' नावाची छोटी संगीतिका १९०८ साली लिहिली, आणि १९१४ साली फाळक्यांनी 'सत्यवान सावित्री' पडद्यावर आणली. एकमेकांची खबर नसलेली दोन माणसं यमाच्या मागे चालणाऱ्या एकाच बाईच्या मागे गेली. 'द प्लॅनेट्स'च्या शेवटी नेपच्यूनला दुसऱ्या खोलीतल्या बायकांचा गायनमेळा आहे, आणि त्या खोलीचं दार हळूहळू लावून घ्यायचं अशी सूचना आहे. ऐकण्यासारखं आहे ते. पण मी ते घरी ऐकतो. इथे त्याचा मोठा वाद्यवृंद मला गर्दी वाटतो.

पहाटे पाचला भैरवी. तिलाही आकाशात जागा आहे. १९७७ साली दोन व्हॉएजर यानं निघाली तेव्हा त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती. तिच्यात सगळ्या पृथ्वीवरचं निवडक नव्वद मिनिटांचं संगीत आहे, आणि त्यात साडेतीन मिनिटं आहेत केसरबाई केरकरांची. गोव्यातल्या केरी गावच्या, १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या केसरबाई, आणि त्यांनी गायलेली भैरवी. व्हॉएजर-१ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ते यान २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडलं. आता ते इतक्या लांब आहे की प्रकाशालाही तिथे पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. ज्या दिशेला ते चाललं आहे तिथे भुजंगधारी हा तारकासमूह आहे. शिवरात्रीच्या पहाटे, वृश्चिक दक्षिणेला आलेला असतो तेव्हा, त्याच्या वर-डावीकडे, पूर्वेच्या आकाशात तो चांगला वर असतो. यान दिसत नाही, दिसण्याचा प्रश्नच नाही. पण बोट दाखवता येतं. मी बरोबरच्या मुलांना बोट दाखवून सांगतो की पृथ्वीवरचा सर्वांत लांब गेलेला मराठी मुलखातला आवाज तिकडे आहे, आणि मग ती भैरवी लावतो. आवाज बेताचा ठेवतो.

भुजंगधारी म्हणजे दोन हातांत साप धरलेला पुरुष. फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण होऊन यमुनेच्या डोहात कालियाशी झुंजते. हा मूकपट बराचसा शाबूत आहे. सुरुवातीला त्या लहान मुलीचा चेहरा जवळून दिसतो, एकामागून एक भाव बदलत जातात, आणि मग तिचा कृष्ण होतो. फाळके जणू आधी मुखवट्यामागचं माणूस दाखवून घेतात.

हा चित्रपट भंडारदऱ्यात, उघड्यावर, धोतराचा पडदा ताणून दाखवावा असं माझ्या मनाने घेतलं आहे. होळीनंतरची अमावस्या धरायची. पेटी-तबला नको, बोहाड्याला वाजवणारे संबळ-पिपाणीवाले पडद्यापुढे बसवायचे आणि त्यांना जे दिसेल ते वाजवू द्यायचं. त्यासाठी एका म्हाताऱ्या संबळवाल्याकडे गेलो होतो. अंगणात नाचणीच्या पेंढ्यावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सिनेमा आवाजाचा नाही म्हटल्यावर त्यांना काही विशेष वाटलं नाही.

"किस्ना हाय व्हय," ते म्हणाले. "मंग आधी गनपती पायजे. मागून शारदा. त्याबिगर दुसरं सोंग उभं ऱ्हात न्हाई."

"बाबा, पण सिनेमात ते दोघं नाहीत."

"सिनेमात नसतील. आमच्यात हायेत."

तेव्हा आता ठरलं आहे ते असं. आधी मशालीच्या उजेडात गणपती आणि शारदा ही दोन सोंगं पडद्यापुढे नाचून जातील. मग मशाली बाजूला नेऊन विझवायच्या आणि यंत्र चालू करायचं. गणपतीचा मुखवटा रंगवायला दिला आहे.